आबांचा कान आणि पिसांची माशी

माझ्या सासऱ्यांच्या उजव्या कानाला एक भोक आहे, आणि ते मी पाडलेलं आहे. मुद्दाम नाही. मुद्दाम पाडायला गेलो असतो, तर ते इतकं नेमकं पाळीच्या मधोमध पडलं नसतं.

ही गोष्ट लग्नानंतरच्या माझ्या पहिल्या आखाजीची. आखाजी म्हणजे आमच्या खानदेशात लेकीबाळींचा सण. लेकी माहेरी येतात, झोके घेतात, गाणी म्हणतात आणि मग जावई त्यांना न्यायला येतो. पहिल्या आखाजीला, सणाच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, सासऱ्यानं जावयाच्या बोटात अंगठी घालायची, अशी सुमनच्या माहेरची रीत. (सुमन म्हणजे माझी बायको.) तिचे वडील, आबा, चोपड्याकडच्या तापीकाठच्या एका गावचे केळीवाले, बोलायला अगदी मोजके. अंगठी गावातल्या सोनाराकडे घडते आहे, हे गुपित सुमननं माझ्याजवळ आधीच फोडलं होतं. म्हणजे मी फक्त पुरणपोळी खायची आणि बोट पुढे करायचं. इतकं सोपं काम! पण मी सोबत काठी घेऊन गेलो.

ही मासे धरायची काठी माझ्या एका शाळासोबत्यानं परदेशातून आणली होती. तो जहाजावर नोकरीला. त्याच्या बायकोनं ती लांबलचक वस्तू घरात ठेवू दिली नाही, म्हणून ती मला भेट मिळाली. काठीबरोबर शिकवणीही फुकट. नदी समुद्राला मिळते तिथल्या खाडीत भरती आली, की गुडघाभर पाण्यात वाळूवर मोठे मासे चरायला येतात म्हणे. भलते संशयी! सावली पडली की पसार, पाय वाजला की पसार. त्यांना गांडूळ, कणीक असलं काही चालत नाही. कोंबड्याच्या पिसांची खोटी माशी बनवायची, तिच्या पोटात गळ लपवायचा आणि लांब दोरीनं ती अलगद त्यांच्या नाकासमोर टाकायची. दोरी आधी मागे फेकायची आणि मागे पुरती ताणली, की मगच पुढे. (यातलं ‘मागे’ लक्षात ठेवा. मी ठेवलं नव्हतं.) जळगावात मी गच्चीवर सराव केला आणि शेजारच्यांचं वाळत घातलेलं धोतर आणि बरेचसे पापड धरले. फक्त मासा धरायचा राहिला होता.

आता जळगावला खाडी कुठून आणायची? पण तापी सुरतेकडे जाऊन समुद्रालाच मिळते ना? मग पाणी तेच आणि मासेही तेच, असं मी ठरवून टाकलं. भूगोलात मी काठावर पास झालो होतो.

आखाजीच्या दिवशी आमरसाच्या तिसऱ्या वाटीनं माझी जीभ सैल केली. “आई, उद्या कालवण माझ्याकडे,” मी सासूबाईंना सांगून टाकलं. “तुम्ही फक्त मसाला वाटून ठेवा!”

सुमननं मला माजघरात ओढलं. “अहो, मुकाट्यानं अंगठी घ्या आणि चला घरी. माझ्या माहेरात माझं हसं झालं ना, तर मी जळगावला येणार नाही. सांगून ठेवते!”

“हसं कसलं? उद्या गावात आपलं नाव होईल,” मी म्हणालो. ते मात्र झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आबा माझ्याबरोबर नदीवर आले. जावयाला एकटं कसं सोडायचं, ही त्यांची काळजी. काठावर शेजारचे दगडूनाना म्हशींना पाणी पाजत उभे होते. उन्हाळ्याची तापी, वाळू दिसेल इतकी नितळ. मी पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि बगळ्यासारखा एकेक पाय टाकत पाण्यात शिरलो. आबा धोतर खोचून माझ्या मागोमाग.

“हाई काय शे, जवाईबापू?” आबांनी माझ्या हातातल्या लाल-काळ्या पिसांकडे बोट दाखवलं.

“माशी आहे, आबा. हिनं मासा धरायचा.”

“माशी कसाले? माशा त घरमा बी शेतस!”

“ही खोटी माशी आहे. आता फक्त भरतीची वाट बघायची.”

“भरती?” आबा चमकले. “कोनी भरती? पोलिसनी का?”

समुद्राची भरती तापीतून चोपड्यापर्यंत येत नाही, हा विचार तेव्हा पहिल्यांदा माझ्या डोक्यात आला. पण माघार घेईल तो जावई कसला! तेवढ्यात उथळ पाण्यात खरोखरच एक मासा दिसला. चांगला हातभर. मी श्वास रोखला. “आबा, हलू नका. बोलू नका. सावली पाडू नका.”

आबा तिन्ही गोष्टी करणार नाहीत अशा एकमेव जागी जाऊन उभे राहिले. ती जागा बरोबर माझ्या मागे होती.

मी दोरी मागे फेकली. ताणली. पुढे ओढली. आली नाही! हाताला वजन लागलं, जिवंत, हिसके देणारं वजन. आता मासा पुढे आणि वजन मागे, यात काही विसंगत आहे असं हुशार माणसाच्या लक्षात आलं असतं. मी ओरडलो, “लागला! आबा, लागला!”

“व्हय, लागना!” मागून आवाज आला. “पन माले लागना!”

वळून पाहिलं, तर आबांच्या कानाला लाल-काळी माशी बसलेली. मी काठी हलवली, की आबा हलत होते. गळाचा काटा उलटा, ओढून निघेना. दगडूनाना पाण्यात धावले आणि त्यांनी कान निरखला. “हाई सोनारनं काम शे. मी त्याले लई येस,” म्हणाले आणि म्हशी टाकून सोनाराला आणायला गावाकडे पळाले. पळताना वाटेत जो भेटेल त्याला ओरडून सांगत होते, “जवाईनी आबाना कान टोचा! जवाईनी आबाना कान टोचा!”

आता जावयानं सासऱ्याचे कान टोचले, याचा जो अर्थ कुणीही घेईल तोच गावानं घेतला. कशावरून टोचले असतील? अंगठीवरूनच! पारापर्यंत बातमी गेली तेव्हा अंगठी हलकी म्हणून जावई बोलला होता. घरापर्यंत गेली तेव्हा जावयानं भर नदीत सासऱ्याची लाज काढली होती.

आम्ही घरी पोचलो. आबांनी डोक्याकानावरून उपरणं गुंडाळलेलं, मान खाली, तोंडातून शब्द नाही. (बोललं की कान ओढला जायचा.) दारात सुमन कमरेवर हात देऊन उभी.

“काय हो, तुम्ही माझ्या वडिलांचे कान टोचलेत?”

“एकच टोचला,” मी प्रामाणिकपणे सांगितलं.

“वर कबूलही करता? चारचौघांत?”

“नाही गं, पाण्यात! फक्त दगडूनाना आणि म्हशी होत्या. आणि चूक त्यांचीही आहे, ते माझ्या मागे उभे राहिले.”

“म्हणजे माझ्या वडिलांनी तुमच्या पुढेपुढे करायचं?” तिचा आवाज फुटला. “त्या अंगठीसाठी त्यांनी किती हौस केली माहीत आहे? तुम्ही झोपलात तेव्हा बोटाला दोरा बांधून माप घेतलं मी. जा तुम्ही एकटे जळगावला!” तिच्या डोळ्यांत खरंखुरं पाणी आलं, आणि मला काठी, माशी, खाडी सगळ्याचा खराखुरा वीट आला.

आतून सासूबाई विचारत होत्या, “मसाला वाटी ठेवा शे. मासा कोठे शे?”

तेव्हा आबांनी उपरणं सोडलं. कानाखाली लाल-काळी माशी लोंबत होती. सासूबाईंनी तोंडाला पदर लावला, सुमन रडता रडता फिसकन हसली, आणि आबा दुखऱ्या कानासकट गदगदा हसायला लागले. कान जितका हले तितकी माशी नाचे.

सोनार आला. त्यानं गळ पकडीनं कापून काढला आणि माझ्याकडे रागानं पाहिलं, माझं काम तुला कुणी सांगितलं अशा नजरेनं. मग म्हणाला, “भोक झकास पडलंय, आबा. लहानपणी तुमचे कान टोचायचे राहिलेच होते. पण आत्ता काही घातलं नाही, तर बुजून जाईल.”

“काय घालू?” आबांनी विचारलं.

सोनारानं खिशातून डबी काढली. माझी अंगठी! संध्याकाळी द्यायची म्हणून तो घेऊनच आला होता. त्यानं माझ्याकडे पाहिलं, आबांनी पाहिलं, सुमननं पाहिलं. सुमन जळगावला येणार की नाही, हे माझ्या पुढच्या शब्दावर होतं.

“घाला,” मी म्हणालो.

दुपारपर्यंत अंगठीची बाळी झाली. आबांनी आरशात पाहिलं, पुन्हा पाहिलं, मग पारावर जाऊन आले. दुसऱ्या दिवशीच्या एसटीत सुमन माझ्या शेजारी बसली होती आणि काठी दगडूनानांच्या म्हशी हाकत होती.

आबा ती बाळी अजून काढत नाहीत. कुणी विचारलं की कौतुकानं सांगतात, “मना जवाईनी घाली शे!” आखाजीला सासऱ्याला सोनं घालणारा जावई म्हणून सगळ्या तालुक्यात माझं नाव आहे. माझ्या रिकाम्या बोटाचं माप मात्र सोनाराकडे अजून पडून आहे.