मैदानाकडे पाठ करून

जॉर्जीन पोकोर्नीने उभा जन्म फुटबॉलच्या मैदानाच्या कडेला काढला, पण सुरुवातीपासून शेवटपर्यंत असा एकही सामना तिने पाहिला नव्हता. हे मी छातीठोकपणे सांगतो, कारण तिच्या बरोबर समोर, मैदानाच्या पलीकडच्या कडेला, साखळी धरून मी उभा असायचो. साखळी दहा यार्डांची, तिच्या दोन टोकांना दोन काठ्या. आमच्या फुटबॉलमध्ये चेंडू हातात घेऊन पळतात; पोरं दहा यार्ड पुढे सरकली की नाही याचा वाद पडला की पंच मला हाक मारतो. मी साखळी ताणतो आणि सगळं गाव श्वास रोखून माझ्या हाताकडे बघतं. या कामाचा मला अभिमान आहे, तो मी लपवत नाही.

आमचं गाव झेलेना. नेब्रास्कात, मक्याच्या मधोमध. आजोबांनी युरोपातल्या बोहेमियातून आणलेली आडनावं आणि कोलाची, एवढं जुन्यातलं उरलंय. कोलाची म्हणजे मधोमध खसखशीचा नाहीतर जर्दाळूचा गर भरलेले मऊ गोड पाव. मोठ्या शाळा अकरा-अकरा पोरं उतरवतात. आमच्याकडे तेवढी पोरं कुठली, म्हणून आम्ही आठांचा खेळ खेळतो. शुक्रवारी संध्याकाळी शेतातली यंत्रं थांबतात आणि गाव मैदानावर येतं.

मैदान आणि लोकांच्या बसायच्या फळ्यांच्या पायऱ्या यांच्यामध्ये चीअरलीडर मुली उभ्या राहतात, हिरव्या-पांढऱ्या झग्यांत. त्यांचं तोंड लोकांकडे असतं, कारण ओरडून घ्यायचं असतं ते लोकांकडून. खेळ चालतो त्यांच्या पाठीमागे. मला वर्षानुवर्षं त्यांच्या पाठी आणि केसांतल्या फितीच तेवढ्या दिसल्या. शाळेत असताना जॉर्जीन त्या रांगेत होती, आणि लग्न झाल्यावर, नवरा गेल्यावर, केस पिकल्यावरही ती तिथेच होती. आता ती मुलींना शिकवायची, त्यांचे झगे शिवायची आणि रांगेच्या टोकाला उभी राहून हातांनी ताल धरायची. दिवसा ती धान्याच्या कोठारात वजनकाट्यावर बसायची.

खेळ न बघता तिला खेळ कळायचा कसा, हे मी एकदा विचारलं होतं.

"समोर दिसतो की," ती म्हणाली. "म्हातारा व्हॅल्टर टोपी काढून मांडीवर ठेवतो तेव्हा चेंडू हातचा गेलेला असतो. रोझेला ओठ चावते तेव्हा तिचा ट्रॉय खाली पडलेला असतो. तिने ओठ सोडला की मी समजते, उठला पोरगा."

"आणि मी साखळी ताणतो तेव्हा?"

"तेव्हा सगळ्यांची तोंडं उघडी असतात, एमिल. माशी शिरेल एवढी."

असं होतं आमचं.

त्या हंगामात आमच्याकडे नऊच पोरं उरली होती. आठ मैदानात, एक बाकावर. एकाचा पाय मोडला की निभायचं, दुसऱ्याचा मोडला की हंगाम संपला. त्यामुळे पुढच्या वर्षी शेजारच्या मॅड्रिनबरोबर मिळून एकच संघ करायचा, अशी बोलणी सुरू झाली. मॅड्रिन मोठं गाव, तिथे पिझ्झाची दोन दुकानं आहेत. आम्ही त्यांना पिढ्यान्‌पिढ्या शिव्या घालत आलो. पण पोरंच नाहीत म्हटल्यावर शिव्या किती दिवस पुरणार?

बोलणी करायला आमच्याकडून डेल हावरान जायचा. डेल आमचा कोच. शाळेत तो संघाचा म्होरक्या होता तेव्हा जॉर्जीन त्याची चीअरलीडर होती. आमच्याकडे पद्धत आहे, प्रत्येक मुलीच्या वाट्याला एक-दोन खेळाडू येतात. दर शुक्रवारी सकाळी ती त्यांच्यासाठी काहीतरी भाजून आणते, त्यांच्या शाळेतल्या कपाटावर रंगीत कागद चिकटवते. जॉर्जीनच्या वाट्याला डेल होता. चारही वर्षं त्याने तिच्या हातची जर्दाळूची कोलाची खाल्ली. त्यात प्रेमबीम काही नव्हतं. पण तिचा नवरा ट्रॅक्टरखाली गेला तेव्हा तिची मक्याची काढणी डेलने करून दिली होती, आणि एवढं झाल्यावर आमच्याकडे माणूस माणसाला काही विचारत नाही.

तरी तिने विचारलं. रांगेत तिच्या हाताखाली पाच मुली होत्या. सगळ्यांत तयारीची टेसा मारेश. पुढचं वर्ष तिचं शाळेतलं शेवटचं. त्या वर्षी रांग तिने चालवायची, हे ठरल्यासारखंच होतं. त्यासाठी तिने उन्हाळाभर जॉर्जीनच्या अंगणात उड्या मारून गवत उडवलं होतं.

मक्याचा ट्रक घेऊन डेल काट्यावर आला तेव्हा मी तिथेच कॉफी पीत होतो.

"डेल, दोन गावांचा संघ झाला तर माझ्या मुलींचं काय?" तिने खिडकीतून विचारलं.

"अगं, पोरं जातील तिथे मुली जातील."

"तसं बोललास त्यांच्याशी?"

"जॉर्जीन, मी तुला सोडून जाईन का?"

"सरळ सांग. हो की नाही."

"हो, बाई, हो. आता वजन लिही, माझ्यामागे तीन ट्रक उभे आहेत."

तिने वजन लिहिलं. तेवढ्यावर तिचा विश्वास बसला, आणि माझाही.

पुढच्या शुक्रवारी ती मैदानावरून घरी जाताना माझ्या गाडीत बसली. गावाबाहेरच्या वळणावर म्हणाली, "एमिल, आज लोक माझ्याकडे बघत नव्हते."

"खेळ बघत असतील."

"खेळ बघणारी नजर मला ठाऊक आहे. ती डोक्यावरून जाते. आज आया खाली बघत होत्या. रोझेला तर बुटाची नाडी बांधत होती. तिच्या बुटांना नाड्या नाहीत."

मी म्हटलं, "थंडी पडायला लागली, लोक आखडतात." जे कळत नाही त्यावर माणूस हवामानाचं बोलतो.

शाळेच्या मोठ्या खोलीत गावाची बैठक झाली ती हंगामातल्या शेवटच्या सामन्याच्या आधीच्या सोमवारी. शाळा-मंडळाच्या अध्यक्षाने उभं राहून सांगितलं. संघ एक होणार. नाव मॅड्रिनचं, रंग मॅड्रिनचे, मैदान मॅड्रिनचं. आपल्या सगळ्या पोरांना जागा. डेल मदतनीस कोच. टाळ्या वाजल्या.

टेसाने हात वर केला. "आणि चीअरलीडर?"

अध्यक्षाने डेलकडे पाहिलं. डेल टोपीची कड बोटांनी चाचपत होता. मग अध्यक्षच म्हणाला, "त्यांच्याकडे बारा जणी आहेत, बाळ. त्यांची रांग भरलेली आहे."

जॉर्जीन उठली नाही. तिने फक्त मान वळवली आणि खोलीतले चेहरे एकेक करून पाहिले, फळ्यांवरचे पाहायची तसे. मीही तिच्या नजरेमागून पाहिले. एकाही आईच्या चेहऱ्यावर आश्चर्य नव्हतं.

बाहेर अंगणात टेसाने ट्रॉयला गाठलं. ट्रॉय तिच्या वाट्याचा खेळाडू. दांडगा पोरगा, पण मनाने मऊ.

"तुला माहीत होतं?"

"सगळ्यांनाच होतं. आमच्या शर्टांची मापं पण घेतली त्यांनी."

"कधी?"

"काढणी सुरू व्हायच्या आधी."

"म्हणजे मी दर शुक्रवारी पहाटे उठून तुझ्यासाठी कोलाची भाजत होते, तेव्हा तुझ्या शर्टाचं माप झालेलं होतं?"

ट्रॉयने बूट जमिनीवर घासला. "कोचनी सांगितलं होतं बोलायचं नाही." मग काही सुचेना म्हणून म्हणाला, "खसखशीची छान होती गं."

टेसा तशीच चालत घरी गेली, दोन मैल. तिचा बाप गाडी घेऊन मागून हळूहळू येत राहिला, पण ती बसली नाही.

डेल मात्र जॉर्जीनकडे आला. तेवढा तो माणूस होता. मी गाडीचं दार उघडून उभा होतो, दोघांनाही माझं असणं चाललं.

"त्यांना मुली नकोच होत्या, जॉर्जीन. मी अडून बसलो असतो तर पोरांचंही फिसकटलं असतं. नऊ पोरं आहेत गं माझ्याकडे."

"ते मला समजतं."

"मग?"

"उन्हाळ्यात सांगायचं होतंस. मी एक दिवस रडले असते. मुलींना दुसरं काही शोधून दिलं असतं, शाळेच्या बँडमध्ये घातलं असतं."

"आणि या हंगामाचं काय झालं असतं? तुम्ही सगळ्या घरी बसल्या असतात. रिकाम्या कडेसमोर पोरं खेळली असती का?"

हे बोलून गेल्यावर त्याचं त्यालाच कळलं. जॉर्जीनने त्याच्याकडे पाहिलं, फार वेळ.

"म्हणजे ओरडून घ्यायचं होतं आमच्याकडून," ती म्हणाली. "हंगाम संपेपर्यंत."

डेलने टोपी डोक्यावर घातली आणि तो गेला.

गाडीत बसल्यावर ती म्हणाली, "अख्खं गाव मला समोरून दिसायचं, एमिल. डेल कायम मागे उभा असायचा, पोरांजवळ. त्याचं तोंड मी कधी पाहिलंच नाही."

मुली म्हणाल्या, शुक्रवारी आम्ही येणार नाही. हे मला टेसाच्या बापाकडून कळलं. जॉर्जीनने पाचही जणींना आपल्या स्वयंपाकघरात बसवलं आणि सांगितलं, "यायचं. झगे इस्त्री करून यायचं. हंगाम आपण घेतलेला आहे, तो आपण पुरा करायचा. उभं कसं राहायचं ते मी सांगेन." त्या शुक्रवारी सकाळी कोलाची कुणी भाजली नाहीत. पोरांची कपाटं उघडीबोडकी राहिली.

त्या संध्याकाळी वारा उत्तरेचा होता. कापलेल्या मक्याची धसकटं मैदानाच्या पलीकडे दूरवर पिवळी दिसत होती. फळ्या गच्च भरल्या होत्या, कारण झेलेना या नावाने खेळलेला हा शेवटचा सामना. मुली आल्या, नेहमीच्या जागी रांगेत उभ्या राहिल्या, लोकांकडे तोंड करून. चेंडू ठेवला गेला. पंचाने हात वर केला.

जॉर्जीन म्हणाली, "वळा."

आणि त्या वळल्या. लोकांकडे पाठ, मैदानाकडे तोंड. जॉर्जीनही वळली. हात मागे बांधून सहाही जणी खेळ बघत उभ्या राहिल्या.

मी साखळी हातात धरून समोर होतो. इतक्या वर्षांत मैदानावर पहिल्यांदा मला त्यांचे चेहरे दिसले. टेसाच्या गालावर लहानपणची कसलीशी खूण आहे, हे मला माहीत नव्हतं. त्यांच्या चेहऱ्यांवर राग नव्हता. नुसतं बघणं होतं, पाहुण्यांच्या घरी बघतात तसं.

फळ्यांवरून कुणीतरी ओरडून पाहिलं. आमची आरोळी कुणी सुरू करून दिल्याशिवाय उठत नाही, हे तोवर कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. दोन-तीन आवाज उठले, वेगवेगळ्या वेळी, आणि वाऱ्यात गेले. मैदानावर पोरांचे खांद्याला खांदे आपटल्याचे आवाज, धापा, शिव्या, सगळं स्वच्छ ऐकू येत होतं. ट्रॉय उठायचा, हेल्मेटच्या जाळीतून त्या रांगेकडे बघायचा आणि पुन्हा जागेवर जायचा. त्याच्या हातून चेंडू दोनदा निसटला.

मध्यंतरानंतर डेल कडेकडेने तिच्यापर्यंत गेला. तेव्हा माप घ्यायला पंचाने मला मैदानात बोलावलं होतं, वारा माझ्याकडे होता, म्हणून ऐकू आलं.

"जॉर्जीन, पोरांना आवाज हवाय गं."

"आवाज मॅड्रिनमध्ये आहे. बारा जणींचा."

"आज तरी नको असं. हा शेवटचा आहे."

"म्हणूनच. या पोरींनी एवढी वर्षं आरडाओरडा केला, खेळ एकदाही पाहिला नाही. आज बघू दे, कशासाठी ओरडत होत्या ते."

डेल उभाच राहिला. खेळ सुरू झाला तरी तो मैदानाकडे बघेना, तिच्याकडेच बघत होता. तिने नजर काढली नाही, मैदानावरून.

आम्ही जिंकलो. थोडक्यात, पण जिंकलो. आमच्याकडे सामना संपला की पोरं हेल्मेट काढून मुलींसमोर येतात, मुली हात उचलतात आणि सगळे मिळून शाळेचं गाणं म्हणतात. पोरं आली. घामाने केस कपाळाला चिकटलेले, वाफ निघतेय. समोरासमोर उभी राहिली. वर फळ्यांवर गाव उभं राहिलं, टोप्या हातात घेऊन. मुलींचे हात मागेच बांधलेले होते.

शेवटी ट्रॉयनेच सुरुवात केली. बेसूर, फार वरच्या पट्टीत. एक ओळ झाली, दुसरीला त्याला कुणाची साथ मिळाली नाही आणि तिसरीला त्याचा आवाज फुटला. टेसाचे ओठ हलल्यासारखे मला वाटले. गाणं म्हणाली नाही ती.

जॉर्जीनने कोट उचलले आणि एकेकीच्या खांद्यावर घातले. मग मुलींना पुढे घालून ती गेली, फळ्यांच्या समोरून, मधल्या वाटेने, सगळ्यांच्या देखत. रोझेलाने तिच्या बाहीला हात लावला. जॉर्जीन थांबली नाही.

पुढच्या पानगळीत मॅड्रिनच्या मैदानावर साखळी धरायला त्यांचा माणूस होता. मी तिकीट काढून फळ्यांवर बसलो. डेलने जॉर्जीनसाठी पास पाठवला होता, तो तिने काट्याच्या खिडकीतून मला दिला, आणि मी तो कुणालातरी देऊन टाकला. टेसा आता शुक्रवारी चर्चच्या तळघरात म्हाताऱ्यांना जेवण वाढते. तोंड हसरं ठेवते, पण त्या वेळी रेडिओवर सामना लागला तर उठून बंद करते.

शनिवारी मी मका घेऊन काट्यावर गेलो. जॉर्जीनने वजन लिहिलं, मान वर करून माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि म्हणाली, "हरले ना?"

"कुणी सांगितलं?"

तिने पेन्सिल कानामागे खोचली.

"ट्रॉयला लागलं का फार?" तिने विचारलं. मी अजून ट्रॉयचं नावही काढलं नव्हतं.

"खांदा. बसेल महिन्यात."

"रोझेला होती तिथे?"

"होती. पार खाली, पुढे बसली होती."

"ओठ सोडला का तिने?"

"मी ट्रॉयकडे बघत होतो, जॉर्जीन."

"हां," ती म्हणाली, आणि मागच्या ट्रकला पुढे यायची खूण केली.