गफूरभाईंच्या मानेवरची गाठ

उमरखेडच्या कापूस बाजारात हर्रास बोलणारे, म्हणजे लिलाव पुकारणारे गफूरभाई ‘दोन वार’ म्हणाले की मानेला हात लावत आणि त्यांना खोकल्याची उबळ येई. मी तिथे नवा कारकून. पहिल्या दिवशी मी पाण्याचा तांब्या घेऊन धावलो, तर त्यांनी मला डोळ्यांनीच खाली बसवलं. खोकला थांबेपर्यंत व्यापाऱ्यांची चुळबुळ होई, न राहवून कुणीतरी भाव चढवी, आणि गफूरभाई शांतपणे पुन्हा ‘एक वार’पासून सुरू करत. बैलबंडीवर बसलेला शेतकरी खूश होई.

त्यांच्या मानेत डाव्या बाजूला लिंबाएवढी गाठ होती. ती दाबली की खोकला येतो, हा शोध त्यांचा स्वतःचा. सासुरवाडीचा पाहुणा फार वेळ बसला तरी त्यांचा हात मानेकडे जाई. सगळ्या गावाने ती गाठ चाचपली होती. कुणी लेप दिला, कुणी ताईत. गफूरभाई सगळं बांधून घेत आणि सांगत, “व्यापाऱ्यावानी हाय. इकडून तिकडं सरकते, पन वर चढत नाही.”

शेवटी व्यापारीच वैतागले. त्यांच्यातले वयाने मोठे शेठजी, चेहऱ्यावर शक्य तेवढी दया आणून म्हणाले की नागपूरला माझ्या ओळखीचे डॉक्टर आहेत, गाठ काढून टाका. गफूरभाईंनी बरेच दिवस टाळलं. पण गाठ वाढली, भाकरीचा घास अडकू लागला, आणि त्यांच्या बायकोने, आमच्या भाभींनी, त्यांना नागपूरच्या एसटीत बसवूनच दिलं. सोबतीला मी.

डॉक्टरांनी समजावून सांगितलं की गाठ वाईट नाही, अंगात पसरणार नाही. नसेवरच्या आवरणातून ती वाढली आहे. मात्र ती नस आवाजाची. गाठ काढताना नसेला दुखापत झाली तर आवाज कायमचा बसू शकतो. गफूरभाई बाहेर येऊन बाकावर बसले.

“बाबू,” ते म्हणाले, “मले लिवता येत नाही, हिशेब येत नाही. मले फक्त आवाज देता येते. थोच गेला तं मी कोन?”

मी त्यांचा हात धरून बसलो.

ऑपरेशनच्या आदल्या दुपारी त्यांनी खाटेवर उभं राहून दवाखान्यातल्या पातळ वरणाचा हर्रास केला. रोग्यांनी उशाशी ठेवलेली केळी, संत्री बोलीला लावली. नर्सबाई रागावायला आल्या आणि दारातच हसत उभ्या राहिल्या. तो खणखणीत आवाज ऐकताना मला मात्र रडू येत होतं.

गाठ निघाली. तिच्याबरोबर खोकला गेला, आवाजही गेला. उरली ती घोगरी कुजबुज.

पुढच्या हंगामात ते बाजारात आले तेव्हा शेठजींनी त्यांना स्वतःच्या हाताने चहा दिला. आता यांच्याकडून हर्रास होत नाही, असं मलाही वाटत होतं. पण शेतकऱ्यांनी हट्ट धरला, म्हणून गफूरभाई बंडीवर चढले. ते बोलले, कुणाला ऐकू आलं नाही. मग एकेक जण गप्प होत गेला. कुणी बैलांच्या गळ्यातल्या घंटा हाताने धरल्या. सारा बाजार कान देऊन उभा राहिला, आणि त्या शांततेत शेठजींनी शेजारच्या व्यापाऱ्याच्या कानात सांगितलेलं “या भावावर कुणी चढू नका” हे वाक्य पार शेवटच्या बंडीपर्यंत ऐकू गेलं.

गफूरभाई खाली वाकून कुजबुजले, “शेठजी, आता माह्यापक्षा तुमचाच आवाज मोठा हाय. बोला, कितीवर चढता?”

सगळा बाजार शेठजींकडे बघत होता. शेठजी चढले.