आतोबांनी पाणी सोडलं

आमच्या आतोबांना, म्हणजे आत्याच्या नवऱ्याला, प्रवासाची भारी हौस आहे असं सगळ्या गल्लीला वाटतं, कारण त्यांच्या दारात कॅम्पर उभा आहे. गाडीच्या मागे जोडून न्यायचा छोटासा ट्रेलर. आत दोन माणसांपुरता पलंग, पाटाएवढा ओटा, हात धुवायला एक भांडं आणि कपाटात उभं राहिल्यासारखी न्हाणी. घरात त्याला डबा म्हणतात. आठ वर्षांत डबा फक्त दोनदा रस्त्यावर गेला, आणि दोन्ही वेळा दुरुस्तीला. बाकी थंडी सरली की आतोबा त्याच्यात पाणी भरतात आणि पुढची थंडी आली की ते काढून टाकतात. मधल्या काळात ते पाणी काय करतं, असं मी एकदा विचारलं होतं.

"तयार असतं," आतोबा म्हणाले.

आतोबांनी चौतीस वर्षं पाणीखात्यात काढली. ते चावीवाले. छातीला लागेल एवढी लोखंडी चावी सायकलला बांधून फिरायचे, रस्त्यातली झाकणं उचलायचे आणि ठरलेल्या वेळी ठरलेल्या भागाचं पाणी सोडायचे. अर्ध्या गावाच्या आंघोळी त्यांच्या मनगटावर अवलंबून होत्या. ही गोष्ट ते कधी विसरले नाहीत आणि कुणाला विसरूही देत नाहीत. माणसांचे स्वभावसुद्धा ते नळाच्या भाषेत सांगतात. माझे वडील 'अडीच आटे फिरवल्याशिवाय बोलत नाहीत', माझा नवरा 'वायसर गेलेला', आणि मी 'बंद करायला जड'. मी शाळेत शिकवते, म्हणून असेल. कुणाच्याही घरी गेले की आतोबा आधी नळ उघडून कान देतात, मग खुशाली विचारतात. नोकरीत असताना आपल्या भागाची चावी फिरवण्याआधी ते घरी फोन करायचे आणि एवढंच म्हणायचे, "सोडतोय गं." की आत्या लागलीच पिंपं, बादल्या, पातेली, हाताला लागेल ते भरायला घ्यायची, शेजारपाजारचे जागे व्हायच्या आत.

डबा मात्र त्यांनी आत्यासाठीच घेतला, हे कबूल करायला हवं. कमरेचं ऑपरेशन झाल्यापासून आत्याला परक्या घरातले जिने आणि संडास यांची धास्ती वाटते. बसमध्ये तासाभराच्या वर तिला बसवत नाही. तिची थोरली बहीण, म्हणजे माझीही आत्याच, पण सगळ्यांची ताई, दोन दिवसांच्या वाटेवर, डोंगराखाली समुद्राकाठी राहायची. वय चौऱ्याऐंशी. नऊ वर्षांत दोघींची भेट नव्हती. दर रविवारी फोनवर ताई विचारायची, "येतेस ना?" आणि आत्या म्हणायची, "येते ना, यांचं पाण्याचं झालं की."

यांचं पाण्याचं काही होत नव्हतं. एका वर्षी पंप कुरकुरायचा, एका वर्षी टाकीला वास यायचा, एका वर्षी दाब 'समाधानकारक' नव्हता. त्यात दोन हिवाळ्यांत थोडं पाणी आत राहिलं, ते गोठलं, फुगलं, आणि नळ्या फाटल्या. दुसऱ्या खेपेला दुरुस्तीवाल्यानं हात जोडले. नळ्या भिंतीच्या आतून जातात, तिसऱ्यांदा फाटल्या तर भिंत उखडावी लागेल, आणि भिंत उखडायची तर डबा भंगारातच द्या, असं त्यानं स्वच्छ सांगितलं. म्हणजे डबा गेला की आत्याची ताईकडे जायची वाटही गेली. तरी आतोबांचं ठरलेलं होतं: आता थंडी सरल्यावरच जाऊ.

त्या शनिवारी रात्री पारा शून्याखाली जाणार, असं रेडिओवर सांगितलं. आतोबांनी मला मदतीला बोलावून घेतलं. सकाळी साडेनवाला ते जुनी खाकी पँट चढवून डब्याखाली शिरले. टाकीची तोटी उघडली, गीझरचं बूच काढलं, गार आणि गरम दोन्ही नळ्यांची तळाची तोंडं मोकळी केली, मला आतले नळ उघडायला लावले, आणि घराकडे तोंड करून ओरडले, "सोडतोय गं!"

"सोडा, सोडा!" स्वयंपाकघरातून आत्या म्हणाली. तिचा आवाज एकदम दहा वर्षांनी लहान झाला होता, पण माझं लक्ष बादलीकडे होतं.

डब्याची टाकी साठ लिटरची, म्हणजे बारा लिटरच्या पाच बादल्या. पाणी जमिनीवर सांडणं आतोबांना पाप वाटतं, म्हणून मी प्रत्येक बादली उचलून झाडांना घालत होते. पाच झाल्या. सहावी भरली.

"गीझरमधलं," डब्याखालून आवाज आला.

सातवी भरली. "नळ्यांमधलं."

नवव्या बादलीला आवाज आला नाही. दहाव्या बादलीपर्यंत झाडांच्या मुळाशी तळी साचली होती. अकरावी मी गुपचूप गटारात ओतून आले. कंबर माझीही काही सरकारी नाही.

"आतोबा, साठ लिटरच्या टाकीतून एकशे बत्तीस लिटर कसं निघालं?"

"ते शाळेतलं गणित. पाण्याचं वेगळं असतं."

तेवढ्यात शेजारचे दातांचे डॉक्टर आले. डॉक्टर निवृत्त झाले आहेत, पण हात शिवशिवतात. हकीकत ऐकून त्यांनी खिशातून दाढा बघायचा छोटा आरसा काढला, डब्याखाली आडवे झाले आणि नळीच्या तोंडात आरसा घालून बराच वेळ पाहत राहिले.

"कीड नाही," ते म्हणाले. "पण स्राव आहे."

"कुठून?"

"मुळातून. रात्री दुखतं का?" हे त्यांनी आतोबांना विचारलं की डब्याला, ते मला शेवटपर्यंत कळलं नाही.

मग दोघं शेजारी शेजारी उताणे पडून चर्चा करू लागले. डॉक्टरांचं म्हणणं, डबा हवेतला ओलावा शोषतोय. आतोबांचं म्हणणं, जमिनीत झरा लागलाय. झरा टाकीत कसा चढेल, असं मी विचारलं, तर दोघंही एका सुरात म्हणाले, "दाबानं!" उंटावरचा शहाणा एक असला तर त्याला उतरवता तरी येतं. इथे दोन होते आणि उंटाखाली होते.

खात्री करून घ्यावी म्हणून आतोबांनी पुन्हा हाक दिली, "अगं, आहे का अजून पाणी?"

"आहे की! चांगलं जोरात आहे!"

"बघ," आतोबा मला म्हणाले, "तिला घरात बसून कळतंय."

पंधराव्या बादलीनंतर ठरलं की डबा झऱ्यावरून बाजूला घ्यायचा. आतोबांनी तोट्या तेवढ्यापुरत्या बंद केल्या, चाकांखालची लाकडं काढली. मी आणि डॉक्टर मागून ढकलत होतो, आतोबा पुढून हुकूम सोडत होते. डबा कुरकुरत हात-दीड हात पुढे गेला आणि अडला. त्याच क्षणी स्वयंपाकघरात भांडी कोसळली.

"अहो, ओढताय कशाला? नळ उपटून येईल!" आत्या ओरडली.

मी डब्याला वळसा घालून कुंपणाकडच्या बाजूला गेले. सकाळपासून तिकडे आमच्यापैकी कुणी फिरकलंच नव्हतं. डब्याच्या भरायच्या तोंडात बागेची हिरवी नळी बसवलेली होती, वर फडकं नीट गुंडाळलेलं, आणि ती नळी ताणून थेट स्वयंपाकघराच्या खिडकीत गेली होती. दोन तास आम्ही खालून काढत होतो आणि आत्या वरून घालत होती.

मी तिथेच मटकन बसले आणि हसत सुटले. आतोबा हसले नाहीत. त्यांचा झराच गेला होता.

"मी सोडतोय म्हणालो! सोडतोय!"

"मग? भरलं ना मी!" आत्या मागच्या दारातून बाहेर आली. "चौतीस वर्षं तुम्ही सोडतोय म्हटलंत की मी भरते. आज काय जगावेगळं केलं?"

तेव्हा मला तिचे पाय दिसले. घरात ती सपाता घालते. आज तिनं ऑपरेशननंतर घेतलेले बूट घातले होते, तळवे अजून कोरे असलेले. खांद्याला पर्स, हातात औषधांची पिशवी, आणि मागे उंबऱ्याशी बॅग.

"हे काय?" आतोबांनी विचारलं.

"मला वाटलं, निघतोय आपण." आत्याचा आवाज खाली आला. "मी तर ताईच्या भेटीवर कधीच पाणी सोडलं होतं. सकाळी तुम्ही हाक मारलीत, मला वाटलं, सुचलं एकदाचं यांना, थंडीच्या आत जायचं म्हणून टाकी भरून घेताहेत. ताईला फोनही केला."

"काय म्हणाली?"

"अंथरूण घालून ठेवते म्हणाली. आत्ताच."

डॉक्टरांनी आरसा पुसून खिशात ठेवला. मला आत्याकडे बघवत नव्हतं, आणि आतोबांचा असा संताप आला होता की नऊ वर्षांचा हिशेब तिथल्या तिथे त्यांच्या पदरात घालावा. मी तोंड उघडलंसुद्धा. पण आतोबा डब्याकडे वळले होते. त्यांनी नळी काढली, भरायच्या तोंडाला कान लावला आणि टाकीवर बोटानं टिचकी मारली.

"काठोकाठ आहे," ते म्हणाले. "आता ही सोडायची म्हणजे साठ लिटर वाया. चौतीस वर्षांत मी एक तांब्या वाया घालवलेला नाही."

गटारात ओतलेल्या बादल्यांविषयी मी अवाक्षर काढलं नाही.

"अंधारायच्या आत डोंगर उतरलो, तर खाली गोठायची भीती नाही." मग घाईघाईनं त्यांनी पुस्ती जोडली, "मी पाण्याच्या दृष्टीनं बोलतोय."

"पाण्याच्या दृष्टीनंच जाऊ," आत्या म्हणाली आणि बॅग आणायला वळली.

पाऊण तासात ते निघालेसुद्धा. दातांच्या डॉक्टरांनी डब्याला दोन दिवस फार गरम काही देऊ नका म्हणून सांगितलं. गीझरचं बूच बसवायचं राहून गेलं होतं, हे दुसऱ्या दिवशी ते अंगणात माझ्या पायाखाली आल्यावर कळलं. समुद्राकाठी पोचले तेव्हा डबा कोरडा ठणठणीत होता.

तिथे ते तीन आठवडे राहिले. फोनवर आतोबा मला ताईच्या घरातल्या नळांची प्रकृती सांगायचे. सगळे वायसर त्यांनी बदलले होते. मागे दोघी बहिणी एकमेकींना पुरं बोलू न देता बोलत असायच्या. थंडीत अडलेले घाटातले रस्ते मोकळे होताच ती दोघं परत आली, आणि येताना दाब समाधानकारक होता.

थंडी सरली. आतोबांनी डबा भरायला काढला, त्याच आठवड्यात ताई गेली. झोपेतच गेली.

मी भेटायला गेले तेव्हा आत्या पलंगाच्या कडेला बसली होती. आतोबा समोर खुर्चीत, हात मांडीवर ठेवून. रडून रडून आत्याचा चेहरा सुजला होता.

"तीन आठवडे मिळाले गं मला," ती म्हणाली. "रोज एका अंथरुणावर निजायचो दोघी. थंडी सरल्यावर जायचं, असंच ठरलं होतं यांचं."

मग तिनं पदरानं डोळे पुसले आणि नवऱ्याकडे पाहिलं.

"बरं झालं, तुम्हाला धड बोलता येत नाही ते."