डीडीटीवाल्यांची टोळी

हिवताप खात्यातली आम्ही जुनी माणसं एकत्र बसलो की चहा निवायच्या आत किस्से सुरू होतात. ऐकणारे हसतात, आम्हीही हसतो. राग मात्र अजून गेलेला नाही.

* * *

पौडच्या पुढच्या वाड्यांत आम्ही पंप घेऊन घरोघर डीडीटी मारायचो. औषध भिंतीवर टिकलं तरच डास मरतो. पण आमची फेरी नेमकी गौरीच्या आदल्या आठवड्यात! सकाळी आम्ही फवारायचं, दुपारी बायकांनी शेणामातीनं भिंती सारवायच्या. एक मावशी म्हणाली, "पांढरं डाग पडल्यात. गवराई यायची हाय, अशी भिंत दावू व्हय तिला?"

साहेबांना म्हणालो, फेरी पंधरा दिवस पुढं ढकला, सारवण होऊन जाऊ दे. साहेब म्हणाले, "तारखा वरून येतात." गौरीची तारीख त्यांच्या टेबलावरच्या कॅलेंडरातच होती.

* * *

पहिल्या वर्षी आमचं स्वागत व्हायचं, कारण डासांबरोबर ढेकूणही मेले. तिसऱ्या वर्षी ढेकूण मरेनात. एका म्हाताऱ्यानं दारातच अडवलं.

"ढेकनं तुमाला वळखाय लागल्यात. आता साहेबाला धाडा, त्यो नवा हाय."

* * *

तपासणीसाठी रक्ताच्या काचा पाठवायचा कोटा असायचा. आमचा गणपत डोंगर चढायचा कंटाळा करी. त्यानं पिरंगुटच्या एका हॉटेलवाल्याच्या बोटातून डझनभर काचा भरल्या आणि वाडीतली नावं घातली. "वाडीत हिवताप नाही" असं पत्र आलं, वर शाबासकी! त्या आठवड्यात वाडीत भात कापायला माणूस उभा नव्हता. मला सगळं ठाऊक होतं. मी गप्प बसलो, त्याची लाज आजही वाटते.

* * *

एकदा साहेबांनाच थंडी वाजून ताप आला. त्यांची काच जीपनं पुण्याला गेली. रिपोर्ट संध्याकाळी हजर.

* * *

धरणापलीकडच्या वाडीत हौसाबाईची सहा वर्षांची सखू तापानं फणफणली होती. सुई बघून ती रडायला लागली, तेव्हा आईनंच तिचा हात धरला. "दे बोट. बरं करत्यात ते."

त्या खेपेला माझ्याजवळच्या गोळ्या संपल्या होत्या. "रिपोर्ट आला की घेऊन येतो," म्हणालो.

रिपोर्ट दीड महिन्यानं आला. गोळ्या घेऊन होडीनं गेलो. हौसाबाई दारात तांदूळ पाखडत होती. सखूला जाऊन महिना झाला होता.

माझ्या हातातला कागद बघून तिनं विचारलं, "काय लिवलंय?"

मी वाचून दाखवलं. हिवताप आहे, पूर्ण उपचार करावेत, नंतर पुन्हा रक्त घ्यावं.

तिनं सूप बाजूला ठेवलं, हात पदराला पुसला आणि बोट पुढं केलं.

"माजं घ्या. तुमचं काम आडायला नगं."