खाली सही कोणाची?

माझी मावशी पाणीपुरवठ्याच्या प्रयोगशाळेत एकतीस वर्षं होती. सकाळी सातला वस्त्यांतल्या नळांचं पाणी बाटल्यांतून यायचं. नळीत पाणी, त्यात औषधाचे दोन थेंब. पिवळं झालं की क्लोरीन आहे, बिनधास्त प्या. निकाल ती फाटकाबाहेरच्या फळ्यावर खडूने लिहायची आणि खाली लफ्फेदार सही ठोकायची. पाणी गढूळ आलं की लोक तिला भाजीच्या दुकानातही धरायचे. ती घरी येऊन कुरकुरायची, पण नावानिशी बोलणी खाणं हा नोकरीचाच भाग आहे, असंही म्हणायची.

मग पाणीपुरवठ्याचं काम एका खासगी कंपनीकडे गेलं. टेबल तेच, नळ्या त्याच, मावशीही तीच. फळा मात्र अडगळीत. निकाल पडद्यावर दिसायला लागला आणि त्याखाली एक ओळ: 'संगणकीय अहवाल, सहीची आवश्यकता नाही.' ही ओळ ज्याच्या डोक्यातून निघाली, त्याला मी जन्मात माफ करणार नाही.

एका मंगळवारी शाळेच्या नळाचं पाणी काही केल्या पिवळं होईना. मावशीने तीनदा तपासलं, तसं नोंदवलं आणि कंपनीला फोन लावला. "तक्रार घेतलीय, बहात्तर तासांत उत्तर येईल," पलीकडून गोड आवाज आला. ती तडक सरकारी कार्यालयात गेली.

"आता ते कंपनी बघते, ताई," साहेबांनी हात झटकले.

"आणि कंपनीला कोण बघतं?"

साहेब चहाला उठले.

ती परतली तेव्हा पडद्यावर शाळेचं पाणी 'योग्य' झालं होतं. निकाल कोणी बदलला, तर म्हणे सिस्टिमने. आठवलं की माझं डोकं फिरतं.

मावशीने अडगळीतून फळा ओढला, शाळेच्या फाटकाला टेकवला आणि लिहिलं, 'हे पाणी पिऊ नका.' खाली सही. पोरांनी नळाला तोंड लावलं नाही. शाळेमागच्या गल्लीलाही तेच पाणी होतं, पण तिथल्यांनी फळा पाहिलाच नव्हता. तिथली एकोणीस माणसं जुलाबाने आडवी झाली.

शुक्रवारी पत्र आलं. अनधिकृत माहिती पसरवली म्हणून मावशीला कामावरून काढलं होतं. ती पत्र घेऊन कंपनीच्या खिडकीशी गेली.

"खाली सही कोणाची?"

"सही लागत नाही, मॅडम," आतली बाई म्हणाली.

"मला घरी बसवणाऱ्याला नाव तर असेल?"

बाईने रांगेतल्या पुढच्याला हाक मारली. मावशीने पत्र तिच्याकडे परत सरकवलं.

ती अजूनही रोज सातला कामावर जाते. पहारेकरी फाटकात अडवतो, ती तिथेच उभी राहते. "सही आणा, मग जाते," म्हणते. आज सतरावा दिवस. सही करायला अजून कोणी आलेलं नाही.