भाऊचा गोली आणि माझी चौथी फळी

सामन्याचं पहिलं मध्यंतर झालं आणि फोन वाजला. पहाटेचे सव्वापाच झाले असतील. स्क्रीनवर भावाचं नाव बघून मी हॅलोसुद्धा म्हटलं नाही. ‘‘बघितलंस ना, तुझ्या गोलीच्या पायांमधून गेली चकती!’’ एवढं बोलून मी हसले. पलीकडून आवाज आला तो वहिनीचा. ‘‘सुमनताई, हे बोलत नाहीत हो... टीव्ही चालूच आहे, आणि हे बोलत नाहीत.’’

धुळ्याहून जळगावला पोहोचायला दोन तास लागतात. पारोळा गेलं, एरंडोल गेलं, मला रस्ता दिसला नाही. मी सरकारी दवाखान्यात चौतीस वर्षं परिचारिका होते. वहिनीच्या आवाजावरूनच मला सगळं कळलं होतं, तरी गाडीत बसून मी मनातल्या मनात औषधांची नावं आठवत होते. घरी पोहोचले तेव्हा भाऊला खुर्चीतून उचलून सतरंजीवर ठेवलं होतं. डॉक्टर येऊन गेले होते. झोपेत जावं तसं गेला, म्हणाले. पण भाऊ झोपला नव्हता. तो सामना बघत होता.

माझा भाऊ प्रल्हाद हा थंडी तयार करणारा माणूस. रावेर भागात केळी पिकवायच्या ज्या बंद खोल्या असतात, त्यांची यंत्रं दुरुस्त करण्यात त्याची हयात गेली. बाहेर पंचेचाळीस अंश ऊन आणि आत स्वेटर घालून पाइपांना कान लावून बसलेला भाऊ, असं त्याला मी कितीदा पाहिलं आहे. त्याचा मुलगा मिलिंद कॅनडात नोकरीला लागला. भाऊ आणि वहिनी तिकडे पहिल्यांदा गेले, तेव्हा मिलिंद त्यांना बर्फावरची हॉकी दाखवायला घेऊन गेला. सगळे लोक खेळ बघत होते आणि भाऊ कठड्याशी वाकून विचारत होता, ‘‘ह्या बर्फाखाली पाइप किती इंचावर टाकलेत रे?’’ खेळ त्याला दुसऱ्या दिवशी दिसला. मग मात्र असा दिसला की परत येताना त्याने एक काळी रबरी चकती बॅगेत घालून आणली आणि येणाऱ्याजाणाऱ्याच्या हातात ती ठेवून तो सांगायचा, ‘‘हिलाच मारायचं. चेंडू नाही, ही.’’ गोलकीपरलाही तो तिकडच्यासारखं ‘गोली’ म्हणू लागला. वहिनीला हे काही पटलं नाही. ‘‘गारठलेली मारामारी’’ हे तिने खेळाला दिलेलं नाव.

मी या खेळाकडे कशी आले, ते सांगायला हवं. तीन वर्षांपूर्वी माझे यजमान गेले. त्याआधी दोन वर्षं मी निवृत्त झाले होते. मूलबाळ नाही. धुळ्याच्या देवपुरातल्या घरात मी एकटी. सुरुवातीला लोक येत होते, मग यायचे थांबले, आणि मला ते बरंच वाटलं. सकाळी उठायचं कशासाठी, हे मला सापडत नव्हतं. दूधवाला पिशवी दाराला अडकवून जायचा, ती दुपारपर्यंत तिथेच. आयुष्यभर दुसऱ्यांना ‘उठा, बसा, चार पावलं चाला’ म्हणणारी मी... माझ्यावर ते शब्द चालेनात.

भाऊ एप्रिलमध्ये आला. त्याने माझी समजूत घातली नाही. भरताची वांगी ओट्यावर ठेवली, टीव्हीला काहीतरी जोडलं आणि म्हणाला, ‘‘बाद फेरी सुरू होतेय. दोन संघ एकमेकांशी सात सामने खेळणार, जो चार जिंकेल तो पुढे. मी लाल. तू निळी.’’

मी म्हटलं, ‘‘मला नाही बघायचं.’’

‘‘नको बघू. पण मी पहाटे फोन करणार. मले भांडाले कोनीतरी पाहिजे. तुनी वहिनी भांडतच नही.’’

आमच्या आईची बोली तो माझ्याशीच बोलायचा, तीही लाडात आला की. दुसऱ्या पहाटे खरंच फोन आला. तिसऱ्या पहाटेही आला. चौथ्या दिवशी, त्याची कटकट थांबावी म्हणून, मी टीव्ही लावला. आणि मला तिथे माझा वॉर्ड दिसला. ते खेळाडू पाऊण मिनिट जीव तोडून पळतात आणि कठड्यावरून उडी मारून बाहेर येतात, त्यांच्या जागी दुसरे जातात. अशा चार फळ्या. पहिल्या फळीत सगळे नावाजलेले, चौथीतल्यांना कोणी ओळखतही नाही. फोन आल्यावर मी म्हटलं, ‘‘ही तर पाळ्यांची ड्युटी आहे रे. मोठा डॉक्टर कितीही हुशार असू दे, शेवटच्या पाळीची नर्स दमलेली असली की घोटाळा होतो. ज्याची चौथी फळी भक्कम, तो जिंकणार.’’

पलीकडे टीव्हीचा आवाज बारीक झाला. मग तो जोरात म्हणाला, ‘‘चूक! बठ्ठा खेळ गोलीवर शे. गोली भक्कम तर बाकीचे झोपले तरी चालतंय.’’

तिथून जे सुरू झालं ते तीन हंगाम चाललं. दर सामन्याला दोन मध्यंतरं, दोन फोन. मी वहीत चौथ्या फळीच्या खेळाडूंची नावं लिहू लागले. पहाटे साडेचारला उठून चहा करू लागले, आणि चहा करायचा तर दूध आत घ्यावंच लागतं. एकदा मी म्हटलं, ‘‘तुझा गोली म्हातारा झालाय, त्याला घरी बसव,’’ तर भाऊने फोन ठेवला आणि चार दिवस केला नाही. पाचव्या दिवशी तो दारात हजर. ‘‘फोनवर नीट भांडता येत नही,’’ म्हणाला, आणि जेवणाच्या ताटात भाकरीचे तुकडे मांडून गोलीने कोन कसा अडवायचा ते मला अर्धा तास समजावलं. भाजी गार झाली. मला अजिबात पटलं नाही, पण त्या दिवशी मी दोन भाकरी खाल्ल्या.

भाऊच्या मागे झालेल्या पुण्यानुमोदनाच्या विधीला मिलिंद होता. वंदना झाली, जेवणं झाली, पाहुणे पांगले. मी त्याला विचारलं, ‘‘त्या पहाटेचा तो सातवा सामना... कोण जिंकलं रे?’’

‘‘लाल, आत्या. गोलीने शेवटची दहा मिनिटं एकट्याने काढली.’’

‘‘म्हणजे भाऊ जिंकला,’’ मी म्हटलं. मला त्या अवस्थेतही बरं वाटलं.

मिलिंद जवळ येऊन बसला. मग म्हणाला, ‘‘पप्पांना लाल आवडायचेच नाहीत, आत्या. त्यांचं सगळं तुमच्यासारखंच होतं. मला म्हणायचे, सुमीने पहिल्या दिवशी जे ओळखलं ते मला दोन वर्षांत कळलं नव्हतं, चौथी फळीच खरी. मी म्हटलं, मग तिला सांगत का नाही? तर म्हणाले, मी हो म्हटलं की बोलणं संपलं. मग ती उठेल कशाला?’’

मी उठून मोरीत गेले आणि नळ सोडून उभी राहिले. तीन वर्षं. तीन वर्षं हा माणूस स्वतःला न पटणारी बाजू इतक्या तावातावाने लढला, आणि मी त्याला कधी जिंकू दिलं नाही.

मिलिंदला परत जावंच लागलं. वहिनी त्याच्यासोबत जायला तयार नव्हती आणि जळगावच्या घरात एकटी राहणं तिला झेपत नव्हतं. मी तिला धुळ्याला घेऊन आले. ती फार बोलत नाही. पहाटे मला जाग येते, तशी तिलाही येते. मी टीव्ही लावते. ती कोपऱ्यात टीव्हीला अर्धी पाठ करून मेथी निवडत बसते. आठवडाभर असंच चाललं.

काल अंतिम फेरीचा दुसरा सामना होता. मध्यंतराला अजून थोडा वेळ होता. मेथी निवडताना थांबून, मान न वळवताच वहिनी म्हणाली, ‘‘तो आठ नंबरचा पोरगा. त्याला कधीचा बाहेर बसवलाय. सगळ्यांत जास्त तोच पळत होता. त्याला आत घ्यायला पाहिजे.’’

आठ नंबर चौथ्या फळीतला. तिचं म्हणणं अगदी बरोबर होतं.

‘‘काहीतरीच काय वहिनी,’’ मी म्हटलं. ‘‘पळून काय होतंय? सगळा खेळ गोलीवर असतो.’’

वहिनीने जुडी खाली ठेवली आणि खुर्ची टीव्हीकडे वळवली.