पिशवी काढायची नाही

"नवऱ्याशिवाय आणखी किती जणांकडे जातेस?"

डॉक्टरबाईंनी कन्नडमध्ये विचारलं. मी तपासणीच्या टेबलावर. साडी कमरेच्या वर. पायांशी चार-पाच शिकाऊ डॉक्टर. एक जण हसला. मी छताकडे बघत राहिले.

नव्वदनंतरची गोष्ट. बंगळूरला मी गारमेंटमध्ये शर्टाच्या कॉलरी शिवायची. वय सत्तावीस. अधूनमधून रक्त जायचं, म्हणून मोठ्या दवाखान्यात गेले होते. गर्भपिशवीच्या तोंडाचा तुकडा तपासायला घेतला होता, त्याचा रिपोर्ट आला होता.

साडी सावरून बाईंच्या टेबलाशी आले. बाईंनी कागद पुढे सरकवला.

"गर्भपिशवी काढायची. सही कर."

"कॅन्सर आहे का?"

बाईंनी माझ्या हातात पेन दिलं. घरी चार वर्षांची मुलगी. मी मेले तर तिची वेणी कोण घालणार, एवढंच सुचत होतं.

शेजारच्या खुर्चीवर कुण्या साहेबांची बायको बसली होती. बाई तिच्याशी मराठीत बोलू लागल्या. "कॅन्सर नाही हो वहिनी. त्याच्या आधीची पायरी. तेवढी जागा गोठवून टाकू. दहा मिनिटांचं काम. घाबरायचं नाही."

वहिनींनी हळूच माझ्याकडे बघितलं. "हिला काय झालंय?"

"तुमचंच. पण या बायका तपासायला परत येत नाहीत. काढून टाकलं की कटकट मिटली."

आमच्या घरात पणजोबांपासून मराठीच. ते बाईंना काय ठाऊक?

पेन खाली ठेवलं.

"बाई, मला मराठी कळतं."

सही न केलेला कागद मी परत सरकवला.

"ते दहा मिनिटांचं काम माझं का नाही?"

"तू येशील परत? दर सहा महिन्यांनी?"

"येईन. लिहून घ्या."

वहिनी खाली बघत होत्या. बाईंनी दुसरा कागद ओढला.

पुढच्या आठवड्यात जागा गोठवली. पोटात कळ आली, ओठ चावला. घाबरू नको असं मला कुणी म्हणालं नाही. नंतरचे सहा महिने वाईट गेले. आपण हट्ट करून मरण तर ओढवून घेतलं नाही ना? साडीवर डाग दिसला की जीव उडायचा. तरी तपासायला गेले. तेव्हा काही निघालं नाही. अजूनही जाते, आदल्या दिवशी जेवण जात नाही.

भीती जाणार नाही, ती असू दे. पण माझ्या अंगाचं जे ठरेल ते माझ्या तोंडावर ठरेल, मला कळेल अशा बोलीत. नाहीतर कुणाचा हात लागू देणार नाही.